उन्हाने पांढुरकी पडलेली पद्मिनी हाताने घासून पूर्ववत होईल का?

मुलुंडकर_७२ (९ नोव्हेंबर)

नमस्कार. आमच्या घरी १९९२ सालची मरून रंगाची प्रीमिअर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नवी कोरी घेतली आणि शेवटपर्यंत स्वतः चालवली. ते गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, ती मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीच्या आवारात उघड्यावर, एका पर्जन्यवृक्षाच्या अर्धवट सावलीत उभी आहे. इंजिन महिन्यातून दोनदा सुरू करतो, नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे, टायरही बदलले आहेत. रंगाकडे मात्र माझे पूर्ण दुर्लक्ष झाले, हे कबूल करतो.

सध्याची स्थिती अशी की टप आणि डिकी यांचा मरून रंग पांढुरका-गुलाबी झाला असून हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. दारे त्या मानाने बरी आहेत. बॉनेटचा प्रकार वेगळाच आहे. ते फारसे फिकटलेले नाही, पण त्यावर दोन ठिकाणी कांद्याच्या सालीसारखे पारदर्शक पापुद्रे सुटू लागले आहेत.

एका गॅरेजवाल्याने सगळी गाडी खरवडून नव्याने रंगवण्याचे साठ हजार रुपये सांगितले. गाड्या चकाकवून देणाऱ्या दुसऱ्या एका दुकानदाराने यंत्राने बफिंग करण्यास नकार दिला. जुना रंग जळाला तर जबाबदारी कोणाची, असा त्याचा प्रश्न होता आणि तो मला रास्त वाटला. म्हणून विचारतो की यंत्राशिवाय, नुसत्या हाताने, रविवारी सकाळी दोन-तीन तास देऊन हे काम होते का? गाडी नवी दिसावी अशी अपेक्षा नाही. वडील दर रविवारी पुसून ठेवत तेव्हा ती जशी दिसे, तशी दिसली तरी पुरे.

निवांत_चालक (९ नोव्हेंबर)

पद्मिनी अजून घरात आहे हे वाचूनच बरे वाटले. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात (आरटीओ) २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वाटले होते की आता ही गाडी केवळ आठवणीत राहणार. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली गाडी मुलुंडला उभी आहे, म्हणजे माहेर फार लांब राहिलेले नाही. रंगाविषयी मला काहीही कळत नाही, परंतु धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

घाईत_आहे (९ नोव्हेंबर)

पांढरी टूथपेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन चोळा. मी हेडलाइटच्या काचांवर केले आहे, उत्तम निकाल मिळतो.

लालबागचा_पिस्टन (१० नोव्हेंबर)

आमच्या वडिलांचे लालबागला डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज होते. शाळेच्या सुट्ट्यांत मी तेथे पाणी पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) घासतच मोठा झालो, त्यामुळे या विषयावर मी थोडे अधिक बोललो तर सांभाळून घ्यावे.

धागाकर्त्यांनी नकळत फार मोलाची माहिती दिली आहे. टपावर भुकटी आणि बॉनेटवर पापुद्रे, हे दोन वेगळे रोग आहेत आणि एकाच वेळी मारलेल्या एकाच रंगाला ते दोन्ही सहसा होत नाहीत. भुकटी सुटते ती एकेरी रंगाची, ज्याला सिंगल स्टेज म्हणतात. त्यात रंगद्रव्य आणि चकाकी एकाच थरात असतात. पापुद्रे सुटतात ते वरच्या पारदर्शक थराचे, ज्याला गॅरेजमध्ये सरसकट लॅकर म्हणतात आणि पुस्तकात क्लिअर कोट. यावरून माझा अंदाज असा, की तुमचे बॉनेट केव्हा तरी पुन्हा रंगवले गेले आहे.

खात्री करून घेण्यासाठी पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे सौम्य पॉलिश घेऊन टप, प्रत्येक दार, डिकी आणि बॉनेट यांवर दोन-दोन बोटांएवढ्या जागेत हलके चोळून पाहा, प्रत्येक ठिकाणी फडक्याची नवी बाजू घेऊन. फडके मरून झाले तर तो भाग एकेरी रंगाचा आहे. फडक्यावर रंग आला नाही, केवळ मळ आला, तर वर लॅकर आहे. नंतर घरातल्या फ्रिजवरचे एखादे लोहचुंबक पातळ रुमालात गुंडाळून सगळ्या पत्र्यावरून फिरवा. जेथे ते नीट धरणार नाही, तेथे खाली लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा, भरलेली आहे. चुंबक उघडे फिरवू नका, नाहीतर चाचणीचेच ओरखडे काढत बसावे लागेल.

तिसरी चाचणी सर्वांत सोपी आहे. टपावर तांब्याभर पाणी ओता. पाणी आहे तोवर जुना मरून रंग गडद दिसत असेल, तर तो अजून खाली शाबूत आहे आणि तुमचे काम हाताने होईल.

टूथपेस्टबद्दल: तिच्यातही घासणारे कण असतात, म्हणून प्लॅस्टिकच्या काचेवर तिचा उपयोग होतो. पण ते कण रंगासाठी मोजून-मापून केलेले नसतात. सोळा चौरस फूट टप टूथपेस्टने घासण्यापेक्षा ती दातांसाठी ठेवणे स्वस्त पडेल.

घाईत_आहे (१० नोव्हेंबर)

मान्य आहे. सूचना मागे घेतो, ट्यूब परत बेसिनवर ठेवली आहे.

रसायनी (१० नोव्हेंबर)

पिस्टन यांची पाण्याची चाचणी का लागू पडते, हे थोडे उलगडून सांगते. रंगाच्या थरात रंगद्रव्याचे बारीक कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे, आणि त्यास हवेतील प्राणवायू व ओलावा यांची साथ मिळाल्यामुळे, पृष्ठभागावरचे रेझिन तुटत जाते. कणांना धरणारे कोणी उरत नाही, तेव्हा ते भुकटीच्या रूपाने सुटतात. खाली राहिलेला पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्यावर पडणारा प्रकाश एका दिशेने परत न जाता सगळीकडे विखुरतो. मरून रंगात हा विखुरलेला पांढरा प्रकाश मिसळला की डोळ्यांना गुलाबी दिसते. याचा अर्थ आपल्याला दिसणारा गुलाबी रंग हा बराचसा रंग उडाल्याचा नसून पृष्ठभाग खडबडीत झाल्याचा परिणाम असतो. पाणी त्या खाचा भरून काढते, पृष्ठभाग तात्पुरता गुळगुळीत होतो आणि मूळ रंग दिसतो. पॉलिश हेच काम कायमचे करते, पण खाचा भरून नव्हे, तर खडबडीत भाग काढून टाकून.

टप, डिकी आणि बॉनेट हे आडवे भाग आधी का जातात, तेही यावरून लक्षात येईल. दुपारचे ऊन त्यांच्यावर थेट पडते, तर दारांवर तिरपे.

निवांत_चालक (१० नोव्हेंबर)

ताई, आपण रसायनीच्या की रसायनशास्त्राच्या?

रसायनी (१० नोव्हेंबर)

राहते विलेपार्ल्यात, शिकवत होते रसायनशास्त्र. पाताळगंगेकाठच्या रसायनी गावाशी संबंध नाही.

हिशेबी (११ नोव्हेंबर)

सर्वांचा आदर राखून एक व्यवहाराचा मुद्दा मांडतो. रविवारचे तीन तास धरले आणि काम दोन महिने चालले, तर पंचवीस-तीस तास श्रम झाले. त्यावर पॉलिश, फडकी, मेण यांचा खर्च आला. एवढे करून बॉनेट तसेच राहणार, कारण सुटणारे पापुद्रे कोणत्याही पॉलिशने चिकटत नाहीत. त्यापेक्षा साठ हजारांचे पन्नास करून घ्यावेत आणि पुढची दहा वर्षे विषय संपवावा. रंगही हवा तो निवडता येईल.

लालबागचा_पिस्टन (११ नोव्हेंबर)

हिशेबी यांचा बॉनेटविषयीचा मुद्दा अचूक आहे. पापुद्रा सुटला की तेथे पॉलिशचा उपयोग नाही. उलट घासल्याने कडा अधिक उचकटतात. ते बॉनेट पुढेमागे रंगवावेच लागेल.

परंतु सगळी गाडी रंगवण्यास माझा विरोध आहे आणि तो भावनेपोटी नाही. पन्नास-साठ हजारांत पूर्ण गाडीचे काम घेणारा माणूस काचा, रबरे आणि क्रोमच्या पट्ट्या काढून रंगवेल, याची मला खात्री वाटत नाही. तो कागद चिकटवून फवारा मारेल, आणि दोन पावसाळ्यांत रबराच्या कडेला पाणी शिरून तेथूनच फुगवटे येतील. आमच्याच गॅरेजमध्ये अशी कामे परत येताना मी पाहिली आहेत, आणि परत आलेली सगळीच दुसऱ्या गॅरेजची नव्हती. शिवाय रंग बदलला तर आरसी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते, ती धावपळ वेगळी.

वरळीची_खारी_हवा (११ नोव्हेंबर)

आमच्या गाडीला समुद्र समोरच आहे. भरतीच्या वेळी तुषार थेट काचेवर येतात. पूर्वी मी गाडी कोरड्या फडक्याने पुसत असे. मिठाचे कण आणि बांधकामाची धूळ यांच्यासह पुसणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे होय, हे कळायला मला चार वर्षे लागली. आता आधी पाण्याने धुऊन घेतल्याशिवाय फडके लावत नाही. धागाकर्त्यांनी पहिला हात फिरवण्यापूर्वी गाडी नीट धुवावी, एवढेच सांगायचे होते. टूथपेस्टमध्ये मीठ असल्यास ती वरळीला पाठवू नये, येथे साठा भरपूर आहे.

माटुंगा_वर्कशॉप (१२ नोव्हेंबर)

धुण्यावरून आठवले. आमच्या इमारतीत पहाटे गाड्या पुसणारा एक मुलगा येतो. एक बादली, एक फडके आणि सोळा गाड्या. पहिल्या गाडीचे पाणी निदान पाणी असते. सोळाव्या गाडीला पहिल्या पंधरांची माती लागते. माझी गाडी क्रमाने चौदावी आहे. उन्हात पाहिले की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, त्या याच बादलीच्या. मी त्याला दुसरी बादली आणून दिली, तर त्याने ती उपडी घालून बसायला घेतली. त्याची चूक नाही. महिन्याला आपण त्याला जे देतो त्यात दोन बादल्या बसत नाहीत.

मुद्द्याची गोष्ट: गाडी रेल्वेमार्गाजवळ उभी असेल, तर धुतल्यानंतरही रंगावर केशरी ठिपके राहतात. ते रेल्वेगाड्यांच्या ब्रेकमधून आणि रुळांवरून उडालेले लोखंडाचे कण असतात, रंगात रुतून तेथेच गंजतात. तळहात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवला की ते खरखरीत लागतात. यासाठी क्ले बार मिळतो. साबणाच्या पाण्याने पत्रा ओला ठेवून त्यावरून हा मातीचा गोळा हलक्या हाताने सरकवायचा, मग कण त्यात अडकून निघतात. गोळा जमिनीवर पडला तर कितीही जिवावर आले तरी टाकून द्यावा. मी उचलून पुसून वापरला होता आणि डाव्या दारावर त्याची आठवण आहे.

जुने_ते_जुने (१२ नोव्हेंबर)

मी थोडा वेगळा विचार मांडतो. हा रंग घासूच नये. ज्या उन्हाने तो पांढरा केला, ते ऊन त्या गाडीच्या आयुष्याचा भाग आहे. तांब्या-पितळेच्या जुन्या भांड्याला कोणी चिंच लावून चकाकवले की त्याचे वय निघून जाते, तसेच हे आहे. जुन्या गाड्यांच्या जाणकारांत मूळ स्थितीत जतन केलेल्या गाड्यांना आता नव्याने सजवलेल्या गाड्यांपेक्षा कमी मानत नाहीत. धुवावी, वर मेण लावावे आणि सोडून द्यावे.

रसायनी (१२ नोव्हेंबर)

जुने_ते_जुने, आपली भूमिका मला आवडली, परंतु तुलना पूर्ण लागू होत नाही. तांब्यावर चढणारा थर खालच्या धातूचे काही अंशी रक्षण करतो. रंगाची भुकटी कशाचेच रक्षण करत नाही. ती वाऱ्या-पावसाने निघून जाते, खालचे रेझिन उघडे पडते आणि तेही तुटू लागते. काही न करता ठेवलेला रंग आहे तसा राहत नाही, संपत जातो. मुंबईच्या दमट हवेत एकदा खालचे प्रायमर, म्हणजे पत्र्यावरचा अस्तराचा थर, उघडे पडले की गंजाला वेळ लागत नाही.

जुने_ते_जुने (१२ नोव्हेंबर)

हे मान्य आहे. मात्र आमच्या आजीची चिंच लावलेली भांडी अजून शाबूत आहेत, हे मी तुमच्या बाजूने सांगून टाकतो.

मुलुंडकर_७२ (१६ नोव्हेंबर)

सर्वांचे आभार. आज सकाळी तिन्ही चाचण्या केल्या.

टपावर पाणी ओतले तेव्हा माझ्या शाळेच्या दिवसांतला मरून रंग समोर आला. पाणी ओघळून गेल्यावर मिनिटभरात तो पुन्हा गुलाबी झाला. टप, डिकी आणि उजव्या बाजूची दोन्ही दारे यांच्यावर फडके मरून झाले. बॉनेट आणि डावीकडचा पुढचा मडगार्ड यांच्यावर ते पांढरेच राहिले, आणि त्या मडगार्डवर वितभर जागेत चुंबक धरतच नाही.

पिस्टन यांचा अंदाज मी आईला सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली की वडिलांनी १९९९ साली सायनजवळ एका टेम्पोला गाडी ठोकली होती. मी तेव्हा पुण्याला वसतिगृहात होतो. मी नुकताच गाडी शिकलो होतो आणि सुट्टीत घरी आल्यावर ते मला रोज सावकाश चालवण्यावर व्याख्यान देत असत, म्हणून त्यांनी तिला शपथ घातली होती की हे माझ्या कानावर जाता कामा नये. गाडी मी घरी येण्यापूर्वी दुरुस्त होऊन आली होती. पंचवीस वर्षे मी त्या मडगार्डजवळून गेलो आणि मला काही दिसले नाही.

असो. आता टप, डिकी आणि दारे हाताने करायची, आणि बॉनेट व मडगार्ड नंतर एखाद्या चांगल्या रंगाऱ्याकडून, असे ठरवले आहे. काम नेमके कसे करावे?

निवांत_चालक (१६ नोव्हेंबर)

चुंबकाने पत्रा तपासायला गेलात आणि वडील सापडले. पुढे लिहावे.

लालबागचा_पिस्टन (१७ नोव्हेंबर)

तुमच्या वडिलांनी काम चांगल्या माणसाकडून करून घेतले होते. पापुद्रे सुटायला इतकी वर्षे लागली, यातच त्याची पावती आहे.

आता कृती. सावली हवी, आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटते. मुलुंडला सकाळी सात ते दहा ही वेळ योग्य ठरेल. गाडी धुताना दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत फडके खळबळण्यासाठी साधे पाणी. सोसायटीला टँकरचे किंवा बोअरचे पाणी येत असेल तर ते गाडीवर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे डाग पडतात. महापालिकेच्या तलावाच्या पाण्याने हा त्रास फारसा होत नाही. रबरे आणि क्रोमच्या पट्ट्या यांवर मास्किंग टेप लावा, कारण काळ्या रबराला पॉलिशचा पांढरा डाग लागला की तो काही केल्या निघत नाही.

यानंतर थेट रबिंग कंपाउंड, म्हणजे जोरात घासणारे खरखरीत पॉलिश, घेऊन भिडू नका, ही माझी खरी विनंती आहे. बहुतेकांची चूक येथेच होते. रंग कोरडा पडलेला आहे आणि कोरडा रंग घासला की गरजेपेक्षा जास्त निघतो. आधी त्याला तेल पाजा. न घासणारे, तेलकट असे ग्लेझ मिळते, सीएसटी रोडला कालिन्याच्या बाजूच्या दुकानांत विचारा. ते मऊ फडक्यावर सढळ हाताने घेऊन टपावर चोळा आणि रात्रभर तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुसून काढा, पुन्हा तेच करा. रंग पुष्कळसा येथेच गडद होईल. मग सौम्य पॉलिश घ्या.

टपाचे मनातल्या मनात फूटभर लांबी-रुंदीचे चौकोन पाडा. एका वेळी एकच चौकोन. फोमच्या गादीवर वाटाण्याएवढे चार थेंब घ्या आणि तळहाताने सपाट दाब देऊन आधी उभे, मग आडवे चालवा. बोटांच्या टोकांनी दाबू नका. बोटांखाली दाब जास्त पडतो आणि नंतर तिरप्या उजेडात चार बोटांचे चार पट्टे दिसतात. गादी आणि फडके मरून होत जाईल, त्याने घाबरू नका, पण भरलेली बाजू सतत बदलत राहा, कारण निघालेला मृत रंग पुन्हा पृष्ठभागात घासला जातो. चौकोन झाला की पुसा, टॉर्च आडवी धरून पाहा, आणि बरे दिसत असेल तर थांबा. आणखी एक हात मारू, हा विचार मनात आला की चहा प्यायला जावे.

कडा, घड्या आणि टपाच्या बाजूची पन्हळ येथे रंगाचा थर सर्वांत पातळ असतो. तेथे टेप लावून शेवटी नुसत्या ग्लेझने पुसा. हाताने काम करण्याचा फायदा हाच, की यंत्रासारखी उष्णता निर्माण होत नाही आणि चूक सावकाश होते. पण होते.

शेवटी कार्नोबा मेणाचा अगदी पातळ थर द्या. जाड थराने चकाकी वाढत नाही, पुसण्याचे कष्ट वाढतात. बॉनेट आणि मडगार्ड नंतर रंगवायचे असल्याने त्यांच्या आसपास सिलिकॉन असलेले कोणतेही पॉलिश नेऊ नका. त्याचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि रंगारी तुमच्या नावाने बोटे मोडतो.

हिशेबी (१७ नोव्हेंबर)

रात्रभर तेल, सकाळी चोळणे, पुन्हा तेल. ही गाडी आहे की दिवाळीतले अभ्यंग? तरीही वाचनखूण साठवली आहे.

वरळीची_खारी_हवा (१७ नोव्हेंबर)

एक शंका. फडके कोणते घ्यावे? सगळीकडे मायक्रोफायबरच वापरा असे सांगतात, आणि आमच्या घरी मात्र जुन्या बनियनशिवाय गाडी पुसली गेलेली नाही.

लालबागचा_पिस्टन (१८ नोव्हेंबर)

पुसण्यासाठी मायक्रोफायबर चांगलेच. ते धूळ आत ओढून घेते. फक्त त्याची शिवलेली कड आणि लेबल कापून टाकावे. तेल पाजण्यासाठी मात्र मी अजूनही धुऊन-धुऊन मऊ झालेली मलमल वापरतो. बनियनही चालेल, शिलाई काढून. टॅक्सीवाले डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने गाडी पुसत आणि ती तासभर आरशासारखी चमके, ते मात्र करू नका. तेलाने खाचा भरतात म्हणून चमक येते, पण दादर ते फोर्ट जाईपर्यंत तीवर धुळीचा लेप बसतो.

निवांत_चालक (१८ नोव्हेंबर)

अवांतराबद्दल क्षमस्व, पण लहानपणी टॅक्सीत बसताना येणारा वास कशाचा होता हे आज कळले.

मुलुंडकर_७२ (१५ डिसेंबर)

चार रविवार झाले, म्हणून प्रगती कळवतो.

पहिले दोन रविवार धुणे, क्ले आणि तेल यांतच गेले. पर्जन्यवृक्षावरून गळणारा चिकटा टपावर इतका घट्ट बसला होता की कोमट साबणपाण्याचे ओले फडके पंधरा मिनिटे ठेवल्याशिवाय तो सुटेना. तेलाच्या दुसऱ्या हातानंतर टपाचा गुलाबीपणा निम्म्याहून कमी झाला आणि मला वाटले की आता पॉलिशची गरजच नाही. आठवडाभर उन्हात राहिल्यावर तो थोडा परत आला, म्हणून पिस्टन यांनी सांगितल्याप्रमाणे चौकोन पाडून पॉलिश केले. टपाचे सोळा चौकोन झाले. एका चौकोनाला सुमारे पंधरा मिनिटे लागली. खांदा दुखतो, हे कोणी आधी सांगितले नव्हते.

आता चूक सांगतो. अकराव्या चौकोनात पन्हळीजवळ एक पांढरा डाग राहिला होता. तो पक्ष्याच्या विष्ठेने खाल्लेला होता आणि वरवरचा नव्हता. टॉर्च लावून पाहिले, बरे दिसत होते, चहा प्यायला जायला हवे होते. मी टेप काढून आणखी दोन हात मारले. नखाएवढ्या जागेत राखाडी प्रायमर दिसू लागले आहे. आता काय करावे?

लालबागचा_पिस्टन (१५ डिसेंबर)

सर्वप्रथम, तेथे आणखी काहीही घासू नका. नखाएवढी जागा असेल तर रंग जुळवून घेऊन बारीक ब्रशने टिपके देऊन भरा, एका वेळी एक पातळ थर, मध्ये पुरता वाळू देऊन. नमुना म्हणून पॉलिश झालेला भाग दाखवा, गुलाबी नव्हे. उजेडात थोडे कळेल. ते कळू द्या. प्रायमर उघडे ठेवून पावसाळ्यात जाऊ नका, एवढेच पाळा.

विष्ठेचा डाग रंगात आम्लाने खोदलेला असतो. तो पूर्ण काढायचा तर भोवतालचा सगळा रंग त्या खोलीपर्यंत उतरवावा लागतो. असे डाग राहू द्यावेत. हे आधी लिहायला हवे होते, ती चूक माझी.

जुने_ते_जुने (१६ डिसेंबर)

म्हणजे अखेर एक डाग तरी आमच्या पक्षात राहिला.

माटुंगा_वर्कशॉप (१६ डिसेंबर)

खांदादुखीसाठी सूचना: दोन्ही हातांनी आलटून-पालटून काम करावे. डाव्या हाताचा दाब आपोआप कमी पडतो, म्हणून कडांजवळ मी मुद्दाम डावाच हात वापरतो.

मुलुंडकर_७२ (१२ जानेवारी)

काल काम संपले, म्हणजे जेवढे हाताने होणार होते तेवढे. टप, डिकी आणि उजवीकडची दारे मरून झाली आहेत. अगदी १९९२ सारखी नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात टपावर अजून पुसट ढग दिसतात आणि विष्ठेचे तीन डाग जसेच्या तसे आहेत. पन्हळीजवळचा टिपका मी स्वतः भरला, तो किंचित काळपट आला आहे. मागच्या काचेखाली वडिलांनी लावलेला गणपतीचा स्टिकर वाळून निघाला, त्याच्याखालचा रंग मात्र इतका ताजा होता की शेजारी केलेले सगळे काम त्यापुढे फिके वाटले. ती जागा मी घासली नाही, तिच्यावर फक्त मेण लावले.

बॉनेटसाठी भांडुपच्या एका रंगाऱ्याशी बोललो आहे. नमुना म्हणून त्याला टप दाखवला. मडगार्डही जुनी लांबी काढून रंगवूया असे तो म्हणाला. मी लांबी तशीच ठेवून वरून रंग द्यायला सांगितले आहे, आणि का ते त्याला सांगितले नाही. पिस्टन, हे तांत्रिकदृष्ट्या चूक असेल तर स्पष्ट सांगावे.

लालबागचा_पिस्टन (१२ जानेवारी)

लांबी पंचवीस वर्षे तडकलेली नाही, चुंबक सोडले तर तिची कोणाला खबर नाही. ती काढण्याचे तांत्रिक कारण मला तरी दिसत नाही. फक्त पापुद्रे नीट उतरवून, कडा पाणी पेपरने मिळवून घेऊन मगच सरफेसर (रंगाआधीचा सपाट करणारा थर) मारायला सांगा, आणि त्या वेळी स्वतः तेथे उभे राहा.

हिशेबी (१३ जानेवारी)

ग्लेझची बाटली अर्धी उरली असल्यास कळवावे. माझी १९९७ सालची लाल मारुती ८०० गेले वर्षभर विकायची म्हणून ठेवली आहे. काल तिच्या टपावर तांब्याभर पाणी ओतून पाहिले. मी नाहूरला राहतो, रविवारी सकाळी येऊन घेऊन जाईन.